मी न पाहिलेल्या मद्रासला दुसऱ्यांदा जाताना

मद्रासचा समुद्र मी जितका सांगितला आहे, तितका तो मद्रासच्या लोकांनी पाहिलाही नसेल. वर्ध्याच्या भाजीबाजारात सांगितला, पिपरी मेघेच्या चहाटपरीवर सांगितला, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंतच्या वेळात सांगितला. एकदा तर दाढ काढताना तोंडात कापूस असूनही डॉक्टरांना सांगितला. माझ्या समुद्राची लाट आमच्या पाण्याच्या टाकीएवढी उंच होती आणि दरवर्षी हातभर वाढत होती. त्यात एक मासा होता. लग्न झालं तेव्हा तो वासराएवढा होता, मुलगी शाळेत गेली तेव्हा बैलाएवढा झाला, आणि अलीकडे ट्रॅक्टरएवढा झाल्यावर मी त्याचं वाढणं थांबवलं, कारण लोक ट्रॉलीचंही विचारायला लागले असते.

आता खरं सांगतो. मी मद्रासला गेलोच नव्हतो.

निघालो मात्र होतो, हे देवाशपथ खरं. बावीस वर्षांचा होतो. एका संत्र्याच्या व्यापाऱ्यासोबत मदतनीस म्हणून गाडीत बसलो आणि बसण्याआधी अख्ख्या गल्लीचा निरोप घेतला. बल्लारशाला गाडी थांबली, मी भजी घ्यायला उतरलो. भजीवाल्याचं तेल तापायचं होतं, गाडीला घाई होती. भजी हातात आली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. आता कोणत्या तोंडाने घरी जाणार? हिंगणघाटला मावशीकडे गेलो आणि आठ दिवस तिच्या माडीवर लपून राहिलो. नवव्या दिवशी पिपरीत उतरलो तो मद्रास पाहूनच उतरलो.

पुढे मुलगी पाहायला गेलो. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "कुठं कुठं फिरले?" मी म्हणालो, "पार मद्रासलोक." दाराआड बसलेल्या मुलीने तो समुद्र ऐकला आणि होकार दिला. ती कांता. आमच्या संसाराला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली वीट खोटी आहे हे फक्त मला आणि मावशीला ठाऊक होतं. मावशी वारल्यावर एकट्या मला.

पिपरी मेघे, एप्रिल संपताना

आमची गावाबाहेर दीड एकर भाजीची वाडी आहे. मी पिकवतो, कांता वर्ध्याच्या बाजारात विकते. मी विकायला बसलो तर गिऱ्हाइकांना समुद्र ऐकवत बसतो आणि कोथिंबीर वाळून जाते, असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, वांगी संपतात, थोडी ढेमसं आणि चवळी तेवढी तग धरून असतात. तेवढेच दिवस कांताच्या हाताला उसंत.

अशाच एका दुपारी आम्ही कूलरसमोर तोंड घालून बसलो होतो. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवशी अंगणातला कावळा बाभळीची सावली सोडायला तयार नव्हता, म्हणून सावलीच जसजशी सरकत होती तसतसा तोही पायी पायी सरकत होता. मुलगी पल्लवी, जी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे, मोबाइलवर तापमान वाचत होती.

"वर्धा पंचेचाळीस. नागपूर पंचेचाळीस. चेन्नई छत्तीस."

"छत्तीस!" मी ओरडलो. "अवं, हे तं थंड हवेचं ठिकाण झालं! लोकं कायले महाबळेश्वरले जाते?"

आयुष्यात मी अनेकदा बोलून फसलो आहे, पण इतक्या कमी शब्दांत कधीच नाही. कांताने पदराने घाम पुसला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"मंग जाऊ ना मद्रासले. मले समुद्र पाहाचा हाय."

"आता? एवढ्या उन्हात?"

"आत्ता तं तुमी थंड म्हणले."

"थे खरं, पण..."

"पण काय? तुमाले तं सारं मालूम हाय तिथचं. गाइड करा लागत नाई का पत्ते पुसा लागत नाई. तुमी पुढं, मी मांगं."

पल्लवीने तर बोटाने तिकिटं बघायला सुरुवातही केली. सेवाग्रामहून थेट गाडी, दोन दिवस फिरणं, परत. त्या क्षणी लग्नाआधीची ती बल्लारशाची भजी जागी झाली.

मग रोज संध्याकाळी नियोजनाची बैठक बसू लागली. पल्लवीपुढे वही, कांता चवळीच्या जुड्या बांधत, आणि मी पाटावर, तज्ज्ञ म्हणून.

"बाबा, स्टेशनपासून समुद्र किती दूर हाय?"

"दूर कायचा? उतरलं का डाव्या हाताले दिसते."

"मोबाइल तं तीन-चार किलोमीटर दाखवून राह्यला."

"मांगं सरकला असन. पाणीच थे, एका जागी बसते काय?"

"अन् तुम्ही उतरले होते कुठी?"

"धरमशाळेत."

"कोण्या?"

"पाडली ना आता थे!"

अशी मी मद्रासची निम्मी इमारत त्या आठवड्यात पाडली. जे विचारलं ते पडलं, सरकलं किंवा त्याचं नाव बदललं. पण असं किती दिवस चालणार? म्हणून एका सकाळी दोघींना चुकवून मी वर्ध्याला इडलीच्या गाडीवर गेलो. गाडीवाला कपाळभर भस्म लावणारा, पांढरी लुंगी नेसणारा, सगळं गाव त्याला अण्णा म्हणतं. दोन प्लेट इडली खाऊन मी हळूच विषय काढला.

"अण्णा, तुमच्या मद्रासचं जरा सांगा ना. समुद्र, देऊळ, कुठून कुठी जाचं..."

अण्णाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"भाऊ, कोणाले सांगू नका. मी देवळीचा हाय. इडली नागपुरात शिकलो. लोकं अण्णा म्हणते, मी कायले नाई म्हणू?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. इतकी आपुलकी मला सख्ख्या भावाबद्दलही वाटली नव्हती. त्याने चटणी जास्तीची वाढली. माहिती मात्र इडलीएवढीही मिळाली नाही.

शेवटची बैठक सामानाची होती, आणि इथेच माझ्या हातून ती चूक झाली. कांता पिशवी घेऊन बसली होती.

"कपडे किती घेऊ? तीन-तीन?"

आता आमच्याकडे उन्हाळ्यात कपडे वाळण्याची गोष्ट अशी आहे की, सदरा धुऊन दोरीवर टाकला आणि बादली जागेवर ठेवायला वळलो की तो वाळलेला असतो. दोन मिनिटं जास्त राहिला तर पापडासारखा कडक होतो, घडी घालताना मोडेल की काय अशी भीती वाटते. अंगावरचा एक आणि धुतलेला एक, एवढ्यावर आमच्याकडची माणसं आख्खा उन्हाळा काढतात. म्हणून मी पाटावरून निकाल दिला.

"दोनच. एक आंगावर, एक पिशवीत. इथं धुतलेलं लुगडं पंधरा मिनिटात वाळते, तं मद्रासले सात मिनिटं. समुद्राचा वारा असते ना! मी आठ दिवस एका पायजाम्यावर काढले."

"खरंच काय वं आई?" पल्लवीला शंका आली.

"त्यायले मालूम हाय," कांता म्हणाली. त्या तीन शब्दांत इतका भरवसा होता, की मला एकदम बल्लारशाला उतरून जावंसं वाटलं. दोन-दोन कपडे, ठेच्याची बरणी, दशम्या, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायचे चार कांदे आणि तोंडाला बांधायचे दुपट्टे, असं आमचं सामान झालं.

मद्रास, पहिला दिवस

पल्लवीला कॉलेजातून सुटी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. प्रवासाचं काय सांगायचं? बल्लारशाला गाडी थांबली तेव्हा कांता म्हणाली, "भजी आणता काय?" मी म्हणालो, "मी इथं उतरत नसतो." ती म्हणाली, "काऊन?" मी म्हणालो, "तेल चांगलं नसते." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनबाहेर पाऊल टाकलं, आणि गोळाभाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ना, ती वाफ आली. फक्त झाकण परत ठेवायला कोणी नव्हतं. आमच्याकडचं ऊन मारतं, पण समोरून येऊन मारतं. इथलं ऊन गळ्यात पडतं, मिठी मारतं, सोडतच नाही. आम्ही दोघांनी सवयीने दुपट्टे तोंडाला गुंडाळले आणि दहा पावलांत त्यांची पोतेरी झाली. सगळं मद्रास उघड्या डोक्याने फिरत होतं आणि मध्ये आम्ही दोन दरोडेखोर, खिशात कांदे.

"छत्तीस हाय म्हणे," कांता दुपट्टा पिळत म्हणाली.

"छत्तीसच हाय. बाकीचं पाणी हाय."

पल्लवीने ठरवलेलं लॉज मैलापूरच्या एका गल्लीत होतं. खोली स्वच्छ, खिडकी समोरच्या भिंतीत उघडणारी. गाडीतले कपडे कांताने लगेच धुऊन दोरीवर टाकले, दुसरे अंगावर चढवले आणि आम्ही जेवायला निघालो.

केळीच्या पानावरचं जेवण मी या जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे वाढणारा "घ्या ना, घ्या ना" म्हणतो. इथे वाढणारा काही म्हणतच नाही, सरळ भाताचा डोंगर ओततो. सांबार आलं, डोंगर फुटला. मी संपवला, तर दुसरा डोंगर आणि काळं पातळ पाणी. मी ते हाताच्या ओंजळीत घेऊन प्यायलो आणि माझ्या कानांतून धूर निघाला. ज्या माणसाने वर्ध्याचा ठेचा कोरड्या भाकरीशी खाल्ला आहे, त्याच्यावर ते रसम चिंचेच्या आणि मिऱ्यांच्या फौजेसह चाल करून आलं. कांता मात्र शांतपणे जेवली. "भाकर नाई, तं नाई," म्हणाली, "पण वांगं काय नामी केलं हाय! बिया काढल्याच नाई, पाहा. कवळं होतं." धंद्याचा डोळा असा असतो.

संध्याकाळी कपालीश्वराच्या देवळात गेलो. गोपुरावर इतके देव दाटीवाटीने बसले होते, की आमच्या वर्ध्याच्या बाजाराच्या दिवशीची एसटी आठवली. देवळाबाहेर फुलवाल्या बसल्या होत्या. मोगऱ्याचे गजरे इथे कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून देतात. कांता तिथे उभी राहिली आणि त्या मोजणाऱ्या हातांकडे बघत राहिली.

"घे ना एक," मी म्हणालो.

"थांबा. हिचा हात आखूड हाय. थे पल्याडची उंच बाई हाय ना, तिच्यापाशी घेऊ."

उंच बाईकडे गेलो. दोघींची भाषा वेगळी. तरी कांताने स्वतःचा हात तिच्या हाताला लावून दाखवला, तिने कांताचा, आणि दोघी अशा हसल्या की जणू एकाच बाजारात वीस वर्षं शेजारी बसत होत्या. गजरा दीड हाताचा मिळाला. मग शेजारच्या भाजीवालीकडचं केळफूल उचलून कांताने खुणेनेच विचारलं, याचं करायचं काय? त्या बाईने सोलून, चिरून, फोडणी घालून, खाऊनसुद्धा दाखवलं, सगळं हवेत.

मी त्या दिवशी एक नवीन गोष्ट शिकलो. अठ्ठावीस वर्षं प्रवासी मी होतो, पण प्रवास करता येत होता तिला.

परत आलो तेव्हा अंगावरचे कपडे घामाने इतके भिजले होते, की विहिरीतून काढल्यासारखे. कांताने दोरीला हात लावला. सकाळी टाकलेलं लुगडं जसंच्या तसं ओलं. तिने काही न बोलता ते परत पिळलं, अंगावरचंही धुतलं, टॉवेल-चादरीवर निभावून नेलं. "सकाळलोक वाळन," मी म्हणालो. सकाळी सूर्य उगवताना समुद्र पाहायचा, असं वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं.

दुसरा दिवस, समुद्राच्या आधी

सकाळी मी डोळे उघडले तर कांता चादर गुंडाळून खुर्चीवर बसलेली. दोरीवर चारही कपडे. लुगड्याच्या काठातून अजून थेंब पडत होता. टप. टप.

"अवो."

"हं."

"तुमी आठ दिवस एका पायजाम्यावर काढले."

"हो ना."

"थो पायजामा वाळवला कसा?"

मी उठून बसलो. अशा वेळी माझी जीभ माझी वाट बघत नाही. "तवा वाळत होता वं. तवा समुद्र लहान होता, आता लई वाढला, त्याच्यानं..."

"धरमशाळेले खिडकी होती का गच्ची?"

"गच्ची."

"काल म्हणले, खालच्या खोलीत होतो."

कांता वांगं कसं पाहते हे मी रोज बघतो. चढ्या आवाजात काही नाही. देठापासून सुरुवात करते, अंगठ्याने हलकं दाबत खाली येते, आणि जिथे कीड असेल तिथे अंगठा थांबतो. तसंच चाललं होतं. पाणी कसं प्याले? गोड होतं का मचूळ? घाम किती येत होता? घरी येऊन घामाचं काऊन नाई सांगितलं? माशाचं सांगितलं, लाटेचं सांगितलं, माणसाले पहिले घाम आठवते. अंगठा थांबला.

"तुमी आलतेच नाई ना इथं?"

टप. टप.

अठ्ठावीस वर्षांत मी तिला हजार थापा मारल्या असतील, आणि त्या बहुतेक तिने हसून घेतल्या. पण या वेळी जीभ आली आणि परत गेली. "नाई," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. संत्री, बल्लारशा, भजी, मावशीची माडी. मला वाटलं भज्यांपाशी ती हसेल. ती हसली नाही.

"बचत गटाच्या बाया जगन्नाथपुरीले गेल्या तवा मले बलावलं होतं," ती म्हणाली. "मी तुमाले पुसलं. तुमी म्हणले, काय पाहाचं हाय तिथं, खारं पाणी. मी पाहून आलो, तुह्याही वाट्याचं पाहून आलो. म्हणून मी नाई गेली. बाया आल्यावर शिंपले दाखवत होत्या, तं मीच त्यायले तुमचा समुद्र सांगत होती. तुमचा! टाकीएवढी लाट!"

मी उगाच उठून दोरीवरचा पायजामा पिळला.

"थाप मारली त्याचं काई नाई. तुमी पाह्यला म्हणून मी नाई पाह्यला, थे झोंबते."

एवढं बोलून ती उठली, ओलं लुगडं तसंच नेसायला लागली. मी म्हटलं, आजारी पडशील. ती म्हणाली, पडीन, पण समुद्र पाहून पडीन.

दार उघडलं तर बाहेर लॉजची झाडलोट करणारी सेल्वी नावाची बाई उभी. आमच्याच वयाची, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. तिने कांताच्या पायाशी साचलेलं पाणी पाहिलं, आत दोरी पाहिली, आणि कपाळाला हात लावला. कांताने दोन बोटं दाखवली: कपडे दोनच. सेल्वीने तोंडावर पदर घेतला आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. मला तमिळ येत नाही, पण "या माणसाने सांगितलं काय?" एवढं कोणत्याही भाषेत कळतं.

"यानंच," कांता म्हणाली.

सेल्वी जिन्याखाली गेली आणि तिची स्वतःची पातळ, सुळसुळीत साडी घेऊन आली. चिमटीत धरून फुंकर मारून दाखवली: ही अशी वाळते. सोबत नवऱ्याची निळी चौकड्यांची लुंगी माझ्यासाठी. कांताने तिच्या हातावर ठेच्याची बरणी ठेवली. सेल्वीने झाकण उघडून वास घेतला, आणि तिला जी शिंक आली त्या शिंकेने गोपुरावरचे चार कावळे उडाले. तेवढ्याने कांताच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी तो बघितला आणि माझ्या जिवात एका कोपऱ्याएवढा जीव आला.

समुद्र

रिक्षात बसताना कांताने अट घातली. "आता एक शब्द बोलाचा नाई. मी पाहीन. मंग कसा हाय थे मी सांगीन."

सूर्य केव्हाच वर आला होता. मरीनाच्या किनाऱ्याला उतरलो तर आधी वाळूच, आमच्या वाडीसारख्या वीस वाड्या मांडता येतील एवढी. लुंगी बांधण्याचा माझा पहिलाच प्रसंग. पुढून वारा आला की ती मागे जाई, मागून आला की डोक्यावर. एका ठिकाणी ती पूर्ण फुगली आणि मी पायाची बोटं वाळूत रोवून चालत होतो, नाहीतर श्रीलंकेला उतरलो असतो. एरवी यावर मी अर्धा तास बोललो असतो. पण शब्द बंद होता. दोन्ही हातांनी लुंगी धरून, चार पावलं मागे, मी मुकाट चाललो.

खरं सांगू? मला भीती वाटत होती. अठ्ठावीस वर्षं मी तिच्यापुढे टाकीएवढ्या लाटा उभ्या केल्या होत्या. आता समोर जे असेल ते किती असेल? गुडघ्याएवढी लाट असली, तर तिचं दोन्हीकडून गेलं: नवरा खोटा आणि समुद्रही छोटा.

वाळू संपली. कांता थांबली.

लाट टाकीएवढी नव्हती. कमरेएवढी येत होती, फुटत होती, पांढरी होऊन पायाशी येत होती. मासाही नव्हता. पण लाटेच्या मागे जे होतं ते संपतच नव्हतं. डावीकडे नजर टाकली तरी तेच, उजवीकडे टाकली तरी तेच, आणि समोर तर आभाळ खाली येऊन त्यातच बुडालेलं. आमच्याकडे नजर कुठेतरी अडते: बाभळीवर, टेकाडावर, कोणाच्या तरी पऱ्हाटीच्या शेतावर. इथे तिला अडवायलाच कोणी नव्हतं.

कांता पाण्यात गेली. पोटऱ्यांपर्यंत. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली, तशी ती दचकली आणि मागे हात केला. मी तो धरला. लुंगी एका हातावर आली. दोघं कितीतरी वेळ तसेच उभे राहिलो. तिने ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं, आणि हसली. पहिल्यांदा पूर्ण हसली.

"सांगू?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तुमी सांगितला होता त्याच्यापेक्षा मोठा हाय."

माझ्या थापेला आजवर कोणी पुरं पडलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझी थाप अपुरी पडली, आणि ती अपुरी पडल्याचा इतका आनंद मला होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं.

त्या दिवशी आम्ही तिथून हललोच नाही. वहीतलं बाकीचं सगळं राहिलं, संग्रहालय राहिलं, दीपगृह राहिलं. दुपारी एका होडीच्या सावलीत बसलो. संध्याकाळी कागदाच्या पुडीत उकडलेले हरभरे घेतले, वर खोबरं आणि कैरी, त्याला सुंडल म्हणतात. शेजारी एक कोळीण जाळं विणत होती. कांता तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोन गाठी शिकून आली.

परत

कांताने मला दुसरी शिक्षा काय ती एकच दिली: टपरीवर खरं सांगायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. आठ-दहा जण होते, आणि रस्त्याच्या पलीकडे भाजीच्या टोपल्यांशी कांता उभी होती.

"भाऊहो, मी मद्रासले पहिल्यांदाच गेलतो. आधीचं सारं खोटं होतं."

टपरी हसून हसून खाली बसली. "वा! हे नवीन काढलं बे याने!" एकजण म्हणाला. मी बल्लारशा सांगितलं, भजी सांगितली. कोणी ऐकेना. शेवटी नामदेव, जो माझ्याबरोबर शाळेत होता, रागाने उठला.

"काऊन खोटं बोलून राह्यला बे? मद्रासहून मले शंख आणून दिलता तू. अजून माह्या देव्हाऱ्यात हाय. समुद्राचा आवाज येते त्याच्यातून!"

तो शंख मी हिंगणघाटच्या बाजारातून आणला होता. तेही सांगितलं. नामदेव म्हणाला, "लाज वाटू दे जरा." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोललो आणि पहिल्यांदाच गावाने मला खोटारडा म्हटलं. पलीकडे कांताने टोपलीत तोंड घातलं होतं. तिचे खांदे हलत होते. म्हणून मग तिने सांगितलं, लिहूनच काढा, लिहिलेलं तरी मानतील. तेच हे.

काल संध्याकाळी पल्लवी ओसरीवर मोबाइल घेऊन बसली होती. "आई, कन्याकुमारीले तीन समुद्र एका जागी भेटते म्हणे."

कांता चवळी निवडत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी गेलते काय कन्याकुमारीले?"

तीन समुद्र! माझ्या जिभेवर तोवर तीन रंगांचं पाणी आलं होतं, एक साधू आला होता, तो पाण्यावर चालायच्या बेतात होता. मी त्याला तिथेच थांबवला.

"नाई," मी म्हणालो. "कधीच नाई."

"मंग जाऊ," कांता म्हणाली.